याप्य माणसाची जत्रा

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांनी व्याधींची जी प्रतवारी लावली, तिच्यातील साध्य आणि असाध्य हे दोन वर्ग सर्वांच्या तोंडी असतात. परंतु या दोहोंच्या मधोमध त्यांनी मोठ्या विवेकाने जो तिसरा वर्ग ठेवला, त्या याप्य व्याधींची वार्ता, ज्यांना त्या जडल्या आहेत त्यांच्याही कानी क्वचितच पडलेली असते. जो रोग समूळ जात नाही, पण पथ्य आणि औषध अखंड चालू ठेवले तर रोग्यालाही नेत नाही, तो याप्य. अशा रोग्याची स्थिती सांगताना सुश्रुताने कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे, इतकेच सुश्रुत सांगतो. घर उभे आहे तोवर त्यात माणसे राहतात, चुली पेटतात आणि सणासुदीला दारावर तोरणही लागते, ही पुस्ती मी माझ्या पदरची जोडतो. वैद्याचे लक्ष टेकूवर असणे हा त्याचा धर्मच आहे; परंतु घरात राहणाऱ्यानेही दिवसरात्र टेकूकडेच पाहत बसावे, असा काही शास्त्राचा हुकूम नाही.

मला दमा आहे. चरकाने श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांतील तमक श्वास तो हाच, आणि तो नवा असेल तर साध्य, एरवी याप्य, असा त्याचा निर्वाळा आहे. माझा बाळपणापासूनचा असल्यामुळे नवेपणाच्या सवलतीवर मला हक्क सांगता येत नाही. ज्यांना हा विकार नाही त्यांची अशी समजूत असते की दमेकऱ्याला श्वास आत घेता येत नाही. वस्तुतः खरी अडचण श्वास बाहेर सोडण्याची असते. श्वासनलिकांची अस्तरे सुजतात, त्यांच्याभोवतालचे स्नायू आवळतात, आत घेतलेली हवा आतच अडकून राहते, आणि भरलेल्या छातीचा मनुष्य हवेसाठी तळमळतो. मोठ्या हौसेने आत घेतलेली गोष्ट वेळेवर सोडता न येणे हेच या रोगाचे स्वरूप असल्यामुळे, सोडून देण्याचा अभ्यास इतरांना उतारवयात करावा लागतो, तो आम्हांला शाळकरी वयातच सुरू करावा लागला.

माझ्या टेकूचे नाव ‘पंप’. गावोगावच्या औषधांच्या दुकानांत याच नावाने मिळणारी ही मुठीएवढी वस्तू १९५६ साली प्रथम अमेरिकेत बाजारात आली, आणि तिने दमेकऱ्याला खाटेवरून उठवून रस्त्यावर आणले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. एक पंप रोजचा, सूज दबवून ठेवणारा, ज्याचा गुण घेताक्षणी मुळीच जाणवत नाही. दुसरा प्रसंगाचा, आवळलेल्या नलिका काही मिनिटांत सैल करणारा, ज्याचा गुण इतका तात्काळ येतो की माणसे पहिल्याला विसरून यालाच देव मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता. एवढ्या मोठ्या गोताची वैद्यकीय दप्तरे जागोजाग भरलेली असतील. मात्र यांतल्या कोणी कोणत्या जत्रेत काय मौज केली, याची नोंद घेणारे दप्तर कोठे ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. त्या रिकाम्या दप्तरात आपल्या परीने एक कागद दाखल करावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

माझे आजोळ पेडणे महालात, आणि चरितार्थाच्या निमित्ताने मांडलेले बिऱ्हाड डिचोलीत. दोन्ही महाल गोव्याच्या नव्या काबिजादीतले. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या जुन्या काबिजादीतील देवळांवर सोळाव्या शतकात जे अरिष्ट कोसळले, ते इकडे आले नाही. कारण डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या उतरणीला, त्यांतही पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये, आणि तोवर त्या राजवटीचा धर्मोत्साह ओसरून रयतेचे देव, वतने व रीतिरिवाज यांना हात न लावण्याचे शहाणपण तिला आले होते. म्हणून या दोन महालांत उत्सवांची साखळी तुटली नाही. अश्विनातील पेडण्याची पुनव, कार्तिकापासून गावोगाव सुरू होणाऱ्या जत्रा आणि त्यांतले दशावतार, डिचोलीच्या शांतादुर्गेचा नवा सोमवार, फाल्गुनातला शिगमा आणि साळ गावच्या गड्यांच्या रात्री, वैशाखातली शिरगावच्या लईराईची जत्रा: वर्षाचे असे एकही अंग नाही की जेथे कोणता तरी देव पालखीत बसून किंवा तरंगाच्या रूपाने खांद्यावर चढून आपल्या रयतेला भेटायला निघत नाही.

या साखळीचे माझ्यासारख्याला जे महत्त्व वाटते ते धडधाकट माणसाला कदाचित वाटणार नाही. दीर्घकाळच्या दुखण्याला तिथी नसते. तापाला चढ असतो आणि उतार असतो, मोडलेल्या हाडाला प्लास्टर काढण्याचा दिवस असतो. याप्य व्याधीचे मात्र सगळे दिवस एका रंगाचे, आजचे औषध कालच्यासारखे आणि उद्याचे आजच्यासारखे, आणि या एकसुरीपणाचा थकवा प्रत्यक्ष धापेहून अधिक असतो. अशा सपाट कालावर उत्सव तिथीची मुद्रा उठवतो. पुनवेला अमुक दिवस उरले, जत्रेचा नारळ आणायचा आहे, हे वाक्य घरात कोणी उच्चारले की कॅलेंडराच्या ज्या पानावर केवळ औषध संपण्याची खूण होती, त्याच्यावर दुसरी एक खूण पडते, आणि दुखण्याची मक्तेदारी तेवढ्यापुरती मोडते.

पुनव म्हणजे कोजागरी, आणि कोजागरीशी दमेकऱ्याचे नाते फार जुने आहे. महाराष्ट्रात त्या रात्री ठिकठिकाणी चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध दिले जाते आणि रोग्यांना पहाटेपर्यंत जागवले जाते. मृगाच्या आरंभी हैदराबादेत बत्तिनी गौड कुटुंबीय जिवंत मुरेल माशाच्या तोंडी औषध भरून तो मासाच गिळायला देतात, आणि त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून दमेकरी रांगा लावून उभे राहतात. एकोणिसाव्या शतकातील विलायती डॉक्टरही फार वेगळे नव्हते. आपल्याकडे महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याची वाळलेली पाने विडीत भरून ओढण्याचा उपाय ते दम्यावर सांगत, आणि ही विद्या त्यांना हिंदुस्थानातूनच मिळालेली होती. उपाय नसलेल्या रोगाला उपायांची वाण कधीच पडत नाही. माझ्या एका मावशीनेही लहानपणी मला अशा खिरीला नेले होते. खीर उत्तम होती, चांदणे त्याहून उत्तम होते, आणि दमा जसाच्या तसा राहिला. त्या रात्रीने मला बरे केले नाही. पण रात्रभर जागे राहणे ही केवळ दुखण्याचीच सक्ती नसून हौसेची गोष्टही असू शकते, हे मात्र त्या रात्री मला प्रथम उमगले. एरवी माझी जागरणे उशीला टेकून, भिंतीकडे पाहत, एकट्याची झालेली होती. इथे सारा गाव जागा होता.

पुढे आजोळच्या मुक्कामात पेडण्याची पुनव पाहू लागलो. भगवतीच्या देवळासमोरचे ते दोन प्रचंड दगडी हत्ती, दीपस्तंभांवरच्या ज्योती, दुकानांच्या ओळी, आणि दुतर्फा दाटलेल्या माणसांतून वाट काढीत येणारी रवळनाथाची आणि भूतनाथाची उंच, वस्त्रांनी मढवलेली तरंगे. या रात्री भुताने धरलेली, वारे आलेली मानली जाणारी माणसेही देवापुढे आणली जातात, आणि बाहेरचे जग या उत्सवाची ओळख बहुधा तेवढ्याच भीतिदायक गोष्टीवरून करून घेते. मला मात्र या पुनवेचे मर्म भूतनाथाच्या कथेत दिसते. लोक सांगतात की या देवाला स्वतःचे देऊळ नाही. एका रात्रीत मला देऊळ बांधून द्या, असा त्याचा हट्ट. तो पुरा होत नाही असे पाहून त्याचे तरंग रानाकडे धाव घेते, आणि मग मानकरी आणि गावकरी त्याच्यामागे धावून, त्याला अडवून, त्याची समजूत घालतात, देऊळ बांधून देऊ असे वचन देतात, आणि देव वचनावर विसंबून माघारी फिरतो. पुढच्या वर्षी तोच हट्ट, तीच धाव, तेच वचन.

हे सारे लटके आहे, देवाला भक्तांनी वर्षानुवर्षे फसवण्याचा हा प्रकार आहे, असे एका विद्वान गृहस्थांनी मला एकदा सांगितले. मला तसे वाटत नाही. देवाचा दावा कोणी फेटाळीत नाही, आणि तो निकालीही निघत नाही. दरसाल त्याला सन्मानाने मुदत वाढवून मिळते, आणि त्या मुदतवाढीभोवती सारा महाल एक रात्र गोळा होतो. निकाल लागला असता, देऊळ उभे राहिले असते, तर पुनव कशाची राहिली असती? माझ्या छातीचे आणि माझे जे प्रकरण चालू आहे, त्याचेही स्वरूप नेमके हेच. मी तिला पूर्ण आरोग्य देऊ शकत नाही आणि ती माझा पिच्छा सोडू शकत नाही. ती रानाकडे धाव घेते, मी तिच्यामागे धावून तिला समजावतो, आणि आम्ही दोघे पुढच्या पुनवेपर्यंतची मुदत पदरात पाडून घरी येतो. ज्या देवालाच पूर्ततेवाचून माघारी वळणे जमते, त्याच्या गर्दीत उभे राहताना अपुऱ्या माणसाला संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

तथापि उत्सवाचा रस केवळ अशा चिंतनाने मिळतो असे नाही. तो मुख्यतः डोळ्यांना, कानांना आणि जिभेला मिळतो. पेडण्याकडच्या जत्रा म्हणजे दशावताराचे दिवस. देवीची ओटी भरून झाली, पालखी देवळाला फेरे घालून आत गेली, की मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोरच्या मंडपात पेटी आणि मृदंग यांची जुळवाजुळव सुरू होते, आणि वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा ज्या कोणत्या मंडळाचा त्या रात्रीचा मान असेल त्याचा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, आणि मग ज्याची मुले श्वास रोखून वाट पाहत असतात तो काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा, वेद चोरणारा आणि चोरता चोरता साऱ्या गावाची थट्टा करणारा संकासुर. त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथेचा सांगाडा ठरलेला आणि त्यावरचे संवाद नटाने उभ्याउभ्या रचायचे. दिवसा शेतात किंवा दुकानात राबणारा मनुष्य मध्यरात्री स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावून राजा होतो, आणि त्याचे शब्द कोठून येतात हे त्यालाही पुरते ठाऊक नसते.

दमेकऱ्याच्या दृष्टीने या रात्रीत आक्षेपार्ह असे सर्व काही आहे. मार्गशीर्षातले दव, भजी तळणाऱ्या कढयांचा धूर, मैदानावरची धूळ, उदबत्त्या, आणि शेजारी बसलेल्याची विडी. म्हणून माझी तयारी नाटक मंडळाच्या तयारीइतकीच काटेकोर असते. आदल्या दिवशी विश्रांती, सायंकाळचे औषध वेळेवर, कानाला मफलर, खिशात पंप, आणि वारा कोणत्या बाजूने येतो हे पाहून धुराच्या वरच्या अंगाला मांडलेली खुर्ची. प्रथम प्रथम या खुर्चीची मला लाज वाटे, कारण माझ्या वयाची मुले मंडपाच्या कडेला दाटीवाटीने उभी असत आणि मी म्हाताऱ्यांच्या रांगेत बसे. तेव्हा माझे मामा, ज्यांना दम्यातले काही कळत नव्हते परंतु नाटकातले पुष्कळ कळत होते, मला म्हणाले, “बाबू, बसून बघितलं म्हणून राजा काही लहान दिसत नाही.” एवढे बोलून त्यांनी माझ्या हातावर आल्याच्या वासाचे, गुळाच्या पाकात घोळलेले खाजे ठेवले, आणि ते संकासुराकडे वळले.

मी पहाटेपर्यंत थांबत नाही. दहीहंडी फुटते आणि दहीकाल्याने खेळाची सांगता होते, ती वेळ माझ्या छातीला सर्वांत वाईट. दम्याचा जोर रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे वाढतो हे डॉक्टरांनाही मान्य आहे. त्यामुळे असंख्य आख्यानांचे शेवट मला माहीत नाहीत. परंतु ज्याला शेवटपर्यंत बसता येणार नाही हे आधीच ठाऊक असते, तो मधल्या भागाकडे फार लक्ष देऊन पाहतो. स्त्रीपार्टी नट पदर सावरताना मनगट कसे वळवतो, मृदंगवाला नटाचे वाक्य संपण्याआधीच थाप कशी उचलतो, राजाने घसरलेला मुकुट बोलण्याच्या ओघात एका हाताने कसा सावरला आणि तो हावभाव राजाच्या संतापातच कसा जमा करून टाकला, हे जांभया देत उजाडण्याची वाट पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, माझ्या नजरेतून सुटत नाही. वेळ कमी मिळाल्यामुळे मौज कमी मिळते, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही.

पण या मौजेचा एक मोबदला असतो, आणि तो दुखण्याला नव्हे तर लोकांना द्यावा लागतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणावर असलो की कोणी ना कोणी म्हणतेच, “काल रात्री नाटकाला होतास ना? मग आज आजारी कसा?” प्रश्नात दुष्टपणा नसतो, कुतूहलच असते, तरी त्याच्या पोटात एक पक्का समज दडलेला आहे. आजाऱ्याने एक तर बरे व्हावे, नाही तर कण्हत राहावे. जो बराही होत नाही आणि कण्हतही नाही, उलट खुर्ची टाकून संकासुराला हसतो, त्याच्या आजारपणाच्या खरेपणाविषयी लोकांना शंका येऊ लागते. लंगड्याची काठी दिसते, आंधळ्याचे डोळे दिसतात. सुजलेल्या श्वासनलिका कोणाला दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या व्याधीची साक्ष चेहऱ्याने द्यावी अशी अपेक्षा असते. या शंकेला माझे उत्तर असे की, कालचे हसणे आणि आजचे अंथरूण या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. आज काय भोगावे लागेल ते मी काल जाणून होतो, आणि जाणूनच बसलो होतो. दुखण्याचा सारा खर्च केवळ दुखण्यावरच करावा, त्यातली एक रात्रही आपल्या पसंतीच्या वस्तूवर खर्च करू नये, असे फर्मान काढण्याचा अधिकार कोणालाच नाही. आनंद घेण्यापूर्वी प्रकृतीचा दाखला सादर करावा लागत नाही.

शिगम्याविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याशी माझा सलोखा दुरूनच आहे. ढोल-ताशांचे रोमट डिचोलीच्या बाजारातून जाऊ लागले आणि गुलालाने हवा रंगली की मी पहिल्या मजल्याच्या बंद खिडकीमागे असतो. डिचोलीला लाल धुळीचे अप्रूप नाही. खाणींच्या भरभराटीच्या काळात, २०१२ साली त्या बंद पडेपर्यंत, मालाच्या ट्रकांनी उडवलेली तांबडी पूड झाडांच्या पानांवर आणि आमच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे साचत होती. तिच्या मानाने गुलाल गरीब म्हटला पाहिजे. निदान तो आनंदाने उधळलेला असतो. काचेतून रंग दिसतात आणि ढोलाचा घुमारा भिंतीतून छातीपर्यंत येतो, आणि त्या घुमाऱ्याला, दम्याच्या छातीत शिरायलाही, कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु ज्या जत्रेने मला सर्वांत अधिक शिकवले ती शिरगावच्या लईराईची. वैशाख शुद्ध पंचमी. भर उन्हाळा, रात्रभर पेटलेले होमखण, आणि व्रतस्थ धोंडांचे हजारो पाय. लईराई ही सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय या तिच्या बहिणी, खेतोबा हा भाऊ, आणि आणखी एक बहीण मिराबाय, जी म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबीण होऊन राहिली, असे आमच्याकडचे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सांगतात. शिरगावाहून बहिणीकडे तेल जाते आणि तिकडून मोगरीची फुले येतात, असा या दोन घरांचा परिपाठ सांगितला जातो. धर्म बदलला तरी माहेरचा संबंध तुटत नाही, हे ज्या लोकांनी इतक्या सहजपणे कथेत बसवले त्यांचा विवेक मोठा म्हटला पाहिजे.

धोंड जत्रेपूर्वी कित्येक दिवस व्रत पाळतात. शुचिर्भूत राहायचे, सोवळ्यात रांधलेलेच खायचे, खाण्यापिण्यात आणि वागण्यात सारे निर्बंध सांभाळायचे. मग धोतर नेसून, गळ्यात मोगरीचे हार घालून, रंगीत लोकरीच्या गोंड्यांची वेताची काठी हाती घेऊन, नाचत, गजर करीत देवीपुढे यायचे, आणि पहाटे निखाऱ्यांतून चालत जायचे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ धोंड आहेत. जत्रेच्या आधी ते आपल्या पथ्याविषयी बोलू लागले की मला एक प्रकारचा सजातीय जिव्हाळा वाटतो. त्यांना जे वर्ज्य त्यातले पुष्कळसे मलाही वर्ज्य. त्यांना वेळेचे बंधन, तसे मलाही. त्यांनी कोणाच्या हातचे काय खावे याचा विचार करायचा, आणि मी कोणत्या हवेत किती वेळ बसावे याचा. फरक एकच, आणि तो मोठा आहे. त्यांच्या व्रताला पारणे आहे. अग्नी ओलांडला की ते मोकळे, पुन्हा वर्षाने. माझे व्रत मी घेतलेले नाही, ते मला दिले गेले. त्याची पंचमी कधी उजाडत नाही, आणि निखारे ओलांडून पलीकडे जायला त्याला पलीकडची बाजूच नाही.

हा फरक पुष्कळ वर्षे मला सलत असे. मग हळूहळू ध्यानात आले की धोंडाच्या व्रताचे सार पारण्यात नाही. त्याला निर्बंधांचा जाच होताना मी कधी पाहिला नाही. तो त्या दिवसांत अधिक हसतमुख असतो, कारण त्याच्या प्रत्येक निर्बंधाला सोबत आहे: त्याच्यासारखेच व्रतस्थ असे कित्येक जण त्याच तळावर, त्याच पाण्यावर स्नान करीत, त्याच पंक्तीला जेवत असतात. निर्बंध तोच, पण एकट्याने बंद खोलीत पाळला की शिक्षा होतो, आणि दहाजणांत उघड्यावर पाळला की आचार होतो. तेव्हापासून मी माझा पंप लपवून घेत नाही. होमखणापासून दूर, वाऱ्याच्या उलट अंगाला, टेकाडावर बसून, लोकांच्या देखत दोन झुरके घेतो, पाण्याने चूळ भरतो आणि पुन्हा निखाऱ्यांकडे पाहू लागतो. बाजूला बसलेली एखादी आजी विचारते, “दमा काय रे, बाबा?” मी हो म्हणतो. ती आपल्या गुडघ्यांची कथा सांगते. थोड्या वेळाने त्या टेकाडावर याप्यांची एक छोटी पंगतच बसलेली आढळते, मधुमेहाचे, सांध्यांचे, रक्तदाबाचे, आणि त्यांच्यातला कोणीही नवस बोलायला आलेला नसतो. ती सारी केवळ जत्रा पाहायला आलेली असतात.

त्याच शिरगावात २०२५ च्या मे महिन्यातील ३ तारखेच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. त्या दिवसाविषयी अलंकारिक लिहिणे अनुचित होईल. मी एवढेच म्हणेन की गर्दीत कोंडलेल्या श्वासाचे भय आम्हां थोड्या लोकांचे खासगी भय आहे असे जे आम्ही मानत होतो, ते तसे नाही. दाटीमध्ये निरोगी छातीलाही हवा पुरत नाही. दमेकऱ्यासाठी जी मोकळी वाट लागते तीच धडधाकट धोंडालाही लागते, आणि दुर्बळांच्या सोयीचा विचार करून आखलेला बंदोबस्त शेवटी सबळांचेही रक्षण करतो.

म्हणून उत्सव चालवणाऱ्यांपुढे माझा एक अर्ज आहे. आमच्या देवस्थानांत मानपानाची यादी फार काटेकोर असते. पालखीला पहिला खांदा कोणाचा, तरंग कोणी धरायचे, पहिला नारळ कोणाचा, प्रसाद कोणाला आधी, हे सारे वहिवाटीने ठरलेले, महाजनांच्या दप्तरी नोंदलेले. त्यात कसूर झाली तर तंटा मामलेदाराच्या कचेरीपर्यंत जातो. या यादीत आजाऱ्यांसाठी एक कलम वाढवावे. धुराच्या वरच्या बाजूला काही खुर्च्या, पाण्याची एक घागर, आणि रुग्णवाहिकेला आत-बाहेर करता येईल अशी, कोणाच्याही दुकानाने न अडवलेली एक वाट. हे कोणी उपकार म्हणून करू नये. मान म्हणूनच करावे, जसा मृदंगवाल्याचा मान, जसा चौघड्याचा मान. पाहणाऱ्याशिवाय उत्सव होत नाही, आणि आमच्याइतके मन लावून पाहणारे प्रेक्षक देवाला दुसरे कोठे मिळणार नाहीत. यंदाच्या पुनवेला मी पेडण्याला जाणार आहे. भगवतीच्या हत्तींपाशी माझी खुर्ची कोठे ठेवायची, याची चौकशी मी आतापासूनच चालवली आहे.